ज्योतीला पात्र कोण

कात्रीने ड्रायव्हरचा जबडा मोडला तो नियमाला धरून, असं निदान त्याचं स्वतःचं म्हणणं होतं.

माजी सैनिकांचा वार्षिक मेळावा होता. भाषणं उरकली होती, जेवणं व्हायची होती, आणि हॉलमागच्या बाथरूममध्ये मधल्या बेसिनवर एक टकला, पोट सुटलेला माणूस हात धूत होता. कात्रीने त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. मेळाव्यात तो तोंडं बघायचाच नाही, छात्या बघायचा. एके काळचा तुकडीप्रमुख, आता पन्नाशीचा, अंगाने वाळका, डोक्याने तापट. शर्टाच्या खिशात कायम एक छोटी कात्री, म्हणून हे नाव. पदकांची नियमावली त्याला तोंडपाठ होती. आघाडीवर सलग तीस दिवस काढले तर मोहिमेचं पदक. पुन्हा तीस काढले तर नवं पदक नाही, त्याच रिबनवर एक पितळी तारा. आणि ज्योत, नखाएवढी, तांब्याची, ती फक्त समोरासमोरच्या लढाईत शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला. जीप उलटून पाय मोडला, ज्योत नाही. तापाने मेला, ज्योत नाही. स्वतःच स्वतःला गोळी घातली, मग तर नावच काढू नका. न कमावलेलं काही लावून मिरवताना कुणी दिसला की कात्री त्याला बाजूला घ्यायचा आणि सरळ रिबन कापायचा. बहुतेक जण मुकाट्याने कापू देत. बाकीच्यांना नंतर नाक सरळ करून घ्यावं लागे.

टकल्याच्या रिबनवर ज्योत होती.

"ही कुठली?" कात्रीने विचारलं.

"चुन्याच्या भट्टीची," टकला म्हणाला आणि नळ बंद केला.

"भट्टीवर आम्ही आठ जण होतो. त्यातले सात मेले. आठवा तुझ्यासमोर उभा आहे."

टकल्याने ओले हात तसेच हवेत धरले आणि कात्रीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी ओळखलं तुला," तो म्हणाला. "तू तो मोठा भाऊ."

त्याला पुढेही काही बोलायचं असावं. पण भट्टीचं आणि भावाचं नाव एका दमात घेणारा तोतया कात्रीने आजवर पाहिला नव्हता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला ठोसा नाकावर बसला. दुसऱ्याला टकला मागे कोलमडला. कात्रीने त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड बेसिनच्या काठावर आपटलं, एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी जो आवाज आला तो बेसिनचा नव्हता. दोन दात पांढऱ्या चिनीमातीवरून घरंगळत जाळीपाशी जाऊन थांबले. टकला गुडघ्यांवर बसला, हनुवटी भलतीकडेच लोंबत होती, आणि त्यातून रक्त आणि लाळ एकत्र गळत होती. त्याने हात उगारला नाही. कात्रीने खाली वाकून ज्योतीसकट रिबन कापली, खिशात टाकली आणि आपलं ताट वाढून घ्यायला गेला. जेवला मात्र नाही, उजवा हात सुजून भोपळा झाला होता.

कात्रीच्या घरात दोनच माणसं, तो आणि त्याची भावजय. तो बिनलग्नाचा राहिला. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि सातव्या महिन्यात धाकटा भट्टीवर गेला. तेव्हा भावजय बावीस वर्षांची होती, आता बेचाळिसाची. इस्पितळात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायची. बोलायला तिखट, रडायला नाखूश.

धाकट्याला ज्योत मिळाली नव्हती. चार दिवसांनी भट्टी परत हातात आली तेव्हा त्याचं प्रेत चुन्याच्या खड्ड्यात सापडलं. खड्ड्यात पाणी शिरून कळीचा चुना उकळला होता. छातीखाली ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोकं तेवढं शाबूत, आणि कपाळाच्या उजव्या बाजूला जवळून मारलेल्या एका गोळीचं भोक. शेजारी त्याचीच रायफल. डॉक्टरांनी लिहिलं, 'स्वतःच्या हाताने मृत्यू ओढवल्याचा संशय.' त्या एका ओळीने सगळं ठरलं. ज्योत नाही, स्मारकाच्या पुढच्या भिंतीवर नाव नाही. मागच्या भिंतीवर, आजाराने आणि अपघाताने गेलेल्यांच्या खाली, सगळ्यात शेवटी.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कुणी म्हणालं, भित्रा होता. कुणी म्हणालं, बायकोशी पटत नसेल, नाहीतर सात महिन्यांच्या संसारातून माणूस असा उठून जातो का? भावजयीने हे सगळं ऐकलं आणि शिवणयंत्र चालवत राहिली. दर दोन वर्षांनी ती फेरतपासणीचा अर्ज करायची, आणि दर वेळी एकच उत्तर यायचं. नात्याबाहेरचा एक तरी माणूस हवा, ज्याने धाकट्याला शत्रूच्या हातून जखमी होताना डोळ्यांनी पाहिलंय. सख्ख्या भावाची साक्ष चालत नाही. असा माणूस जिवंत नव्हता. आणि आता पत्र आलं होतं की त्या युद्धाची सगळी प्रकरणं या महिनाअखेर कायमची बंद होणार.

मेळाव्यानंतर तिसऱ्या दिवशी भावजय कामावरून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, साक्षीदार सापडला."

कात्री डाव्या हाताने चहा गाळत होता. "कसला साक्षीदार?"

"भट्टीचा. आमच्याच इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात पडलाय. मी शिवलेल्या चादरी द्यायला गेले तर त्याची बायको कोटावर उरलेलं कापल्या रिबनीचं टोक दाखवत रडत होती. दारूगोळ्याचा ट्रक चालवायचा तो. त्या एका दिवसापुरता तुमच्याबरोबर जोडून दिला होता. मांडीत गोळी लागलेली. कागद आहेत त्याच्याकडे, मी वाचले."

"आमच्या यादीत असा कुणी नाही."

"तुमच्या यादीत कसा असेल? जोडून दिलेल्या माणसाचं नाव त्याच्या मूळ तुकडीत राहतं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? वाहनतुकडीच्या यादीत आहे तो. वीस वर्षं आपण एकच यादी चाळत बसलो." तिने चपला काढल्या, आणि मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. "जबडा तारेने बांधलाय त्याचा. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. कुणी मारलं विचारलं तर पाटीवर लिहितो, बेसिनवर पडलो. तुमच्या हाताला काय झालं?"

कात्रीने उजवा हात पाठीमागे घेतला.

"वा," भावजय म्हणाली. "वीस वर्षं ज्याला शोधत होतो तो मिळाला, आणि तुम्ही आधी त्याचंच तोंड फोडलंत. धन्य आहे. आता जा आणि त्याचे पाय धरा."

तिने पातेल्यातला चहा कपात ओतला आणि भिंतीकडे तोंड करून प्यायली. तिचे खांदे हलत होते. आनंदाने हलत होते हे कात्रीला कळलं, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

कारण ट्रक त्याला आठवत होता.

त्या दिवशी दुपारी ट्रक भट्टीच्या अंगणात शिरला आणि शिरताक्षणीच त्याचं इंजिन उडालं. चालवणारा आत जळाला असं सगळ्यांनी धरून चाललं, कारण बघायला जायला कुणाला सवड नव्हती. शत्रू भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आत आला. गोळ्या संपल्यावर चुना ओढायच्या फावड्यांनी मारामारी झाली. कात्रीने एकाच्या मानेत फावडं घातलं ते हाडात अडकलं, निघेना, म्हणून दुसऱ्याला त्याने बोटांनी मारलं, डोळ्यांत अंगठे घालून. त्याचे सहा जण अंगणातच पडले. एकाचं डोकं पायरीवर दगडाने ठेचलं गेलं आणि तो तशाही अवस्थेत हाताने काहीतरी चाचपडत राहिला. मग हातबॉम्ब आला. धाकट्याच्या पायाशी फुटला, आणि धाकटा मागच्या मागे खड्ड्यात गेला. पोट उघडलं होतं. आतडी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्याच वेळी वरची पाण्याची टाकी गोळ्यांनी फुटली आणि पाणी खड्ड्यात उतरायला लागलं. चुना खदखदू लागला. धाकटा कमरेपर्यंत त्यात होता. तो ओरडत होता.

बाहेर पडायला एकच वाट होती, भिंतीखालचा नाला. खड्ड्यापासून नाल्यापर्यंत चाळीस पावलं, आणि त्या चाळीस पावलांवर मशीनगन लागलेली. एकटा माणूस पळाला तर कदाचित पोहोचला असता. पाठीवर माणूस घेऊन कुणीच पोहोचलं नसतं. कात्रीची रायफल रिकामी होती. धाकट्याची खड्ड्याच्या काठावर पडली होती, तिच्यात एक गोळी होती. कात्रीने ती उचलली, काठावर पोटावर झोपला, नळी धाकट्याच्या कपाळाला लावली आणि चाप ओढला. रायफल तिथेच टाकली आणि नाल्यातून पळाला.

डॉक्टरांचा अहवाल आला तेव्हा एक वाक्य बोलला असता तर स्वतःच मारून घेतल्याचा डाग तरी पुसला गेला असता. ते वाक्य तो बोलला नाही. आधी वाटलं, आज नको. मग भावजय घरी राहायला आली, त्याला वाढायला लागली, आणि मग ते वाक्य बोलायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांच्या छातीवरच्या खोट्या ज्योती कापायला त्याने सुरुवात केली ती त्यानंतरच. जगात कुठेतरी नियम काटेकोर पाळला जातोय हे बघून त्याला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात गेला. ड्रायव्हरच्या बायकोने त्याला ओळखलं ते हाताच्या सुजेवरून. ती स्टुलावरून उठली, हातातला स्टीलचा ग्लास तिने त्याच्या कपाळावर हाणला, आणि मग पुन्हा हाणला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. कात्री हात खाली सोडून उभा राहिला. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने पलंगाची दांडी वाजवून तिला थांबवलं आणि पाटी मागितली.

'तू मला मेलेला समजलास,' त्याने लिहिलं. 'मी ट्रकखाली होतो. रात्री सरपटत निघालो.'

"काय पाहिलंस?"

'सगळं.'

"मग वीस वर्षं गप्प का बसलास?"

ड्रायव्हरने पाटी पुसली. त्याच्या ओठांमधून तारा दिसत होत्या. 'कुणी विचारलं नाही. आणि तुझ्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही.'

"फेरतपासणीच्या समितीपुढे येशील?"

'तुझ्या भावजयीला शब्द दिलाय. विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. विचारणार नाहीत ते सांगणार नाही.'

कात्रीने कपाळ पुसलं. "आणि जबड्याचं..."

'ते वेगळं,' ड्रायव्हरने लिहिलं, आणि 'वेगळं'खाली खडू मोडेस्तोवर रेघ ओढली. 'ते मी विसरणार नाही.'

घरी येताना कात्री नियमावली मनात चाळत होता. साक्ष समोरासमोरच हवी, कागदावरची चालत नाही, कारण लिहिलेल्या साक्षी विकत मिळतात. पण बोलता न येणाऱ्याला प्रश्न विचारून मानेने हो-नाही घेता येतं, तशी सोय आहे. प्रश्न जखमेचे असतात. जखम शत्रूची, पाहणारा परका, एवढं जमलं की ज्योत. मृत्यूच्या कारणाचा रकाना अगदी शेवटी असतो, आणि तिथे कारकून न विचारता 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा होतो. असे अर्ज कात्रीने शेकड्यांनी पाहिले होते. धाकट्याला ज्योत मिळेल आणि भावजयीला कळणारही नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

एक गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. समितीवर आजवर लढवय्ये बसायचे, अहवाल वाचायचा त्यांना कंटाळा. या वर्षीच्या अध्यक्षबाई लष्करी डॉक्टर होत्या.

खोली लहान होती. एक लांब टेबल, भिंतीशी चार खुर्च्या, कोपऱ्यात टायपिंग करणारा कारकून. ड्रायव्हरला त्याच्या बायकोने आणून बसवलं आणि ती बाहेर थांबली. भावजयीने इस्त्रीची साडी नेसली होती. ती कात्रीच्या शेजारी बसली होती आणि मांडीवरचे हात तिने एकमेकांत घट्ट धरले होते.

"त्या दिवशी तुम्ही भट्टीच्या अंगणात होतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ड्रायव्हरने मान हलवली. हो.

"या जवानाजवळ हातबॉम्ब फुटलेला तुम्ही स्वतः पाहिलात? शत्रूने टाकलेला?"

हो.

"पोटाला जखम झाली?"

हो. त्याने दोन्ही हात पोटावर धरून दाखवले, धाकट्याने धरले होते तसे. भावजयीने डोळे मिटले.

"ज्योतीची अट पूर्ण होते," अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या. यंत्र खडखडलं. कात्री खुर्चीला मागे टेकला. अध्यक्षबाईंनी मात्र पान उलटलं, चष्मा वर केला आणि जुना अहवाल पुन्हा वाचला. "पोट उघडलेला, उकळत्या चुन्यात पडलेला माणूस. त्याचे हात पोटावर. मग ही कपाळातली गोळी त्याने स्वतः घातली का?"

ड्रायव्हरने मान आडवी हलवली. नाही.

"शत्रूने घातली?"

नाही.

यंत्र थांबलं. ड्रायव्हरच्या तारेतून लाळ हनुवटीवर आली, त्याने ती रुमालाने टिपली. त्याने कात्रीकडे पाहिलं नाही. जे विचारलं नव्हतं ते तो सांगत नव्हता. अध्यक्षबाई पुढचा प्रश्न जुळवत होत्या. भावजयीने डोळे उघडले आणि ती हळूहळू शेजारी वळली, कारण आठांपैकी जिवंत बाहेर आलेला माणूस एकच होता आणि तो तिच्या शेजारी बसला होता.

कात्री उभा राहिला.

"मी घातली," तो म्हणाला. "त्याच्याच रायफलने. नळी कपाळाला टेकवून. तो खड्ड्यात शिजत होता. मग मी नाल्यातून पळालो. अहवालात त्याने स्वतः मारून घेतलं असं लिहिलं, ते मी लिहू दिलं."

अध्यक्षबाईंनी जुना अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "ज्योत जखमेची असते, मरणाची नाही. ती त्यांना मिळेल, नावही पुढच्या भिंतीवर जाईल. पण तुम्ही आत्ता जे बोललात ते मला वर कळवावं लागणार. चौकशी होईल."

"कळवा."

"ते शुद्धीवर होते?" हा आवाज भावजयीचा होता.

"होता," कात्री म्हणाला.

"काय म्हणत होते?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीत अजून एकाला माहीत होतं, आणि त्याचं तोंड तारेने बांधलेलं होतं. हे कात्रीच्या ध्यानात आलं, नाही असं नाही. 'दादा, मार मला, सोडव मला,' असं धाकटा विनवत होता, एवढंच म्हणायचं होतं. कुणीही विश्वास ठेवला असता. वीस वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता, इतकं की कधीकधी ते त्याला धाकट्याच्या आवाजात ऐकू यायचं.

"'दादा, मला उचल,' म्हणत होता," कात्री म्हणाला. "'मला घरी जायचंय.' दोनदा म्हणाला. तुझं नाव घेत होता."

"मारा म्हणाले?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

भावजयीच्या तोंडून एक आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, दार बोटावर आपटल्यावर माणूस करतो तसा होता. "मला वाटायचं, त्यांना माझ्याकडे परत यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "वीस वर्षं रोज रात्री मी हेच आठवायची, माझं काय चुकलं, मी काय बोलले. आणि तुम्ही रोज माझ्या हातचं जेवत होतात."

कात्रीने तोंड उघडलं. तिने हात वर केला, आणि ते तोंड मिटलं. तिने मारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तो त्यासाठीच हात खाली सोडून उभा होता. तिने मारलं नाही. ती उठली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. ड्रायव्हरने आपला रुमाल उलटा घडी घालून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला.

कारकुनाने फॉर्म सरकवला. खाकरला. "ज्योत स्वीकारणाऱ्याचं मृताशी नातं?"

"बायको," भावजय म्हणाली.

"सोबत घरचं कुणी? सहीला साक्षीदार लागतो."

"घरचं कुणी नाही," ती म्हणाली आणि पेन ड्रायव्हरच्या हातात दिलं.